नसलेला धागा

धकाते काका मला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावरचा धागा काढला. धागा नव्हता.

मी बाबांसोबत नागपूरच्या मनीषनगरात भाड्याची खोली बघायला गेले होते. उमरेडच्या पलीकडच्या आमच्या गावातून रोज कॉलेजात येणं जमत नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे खोली कशी बघतात हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. बाबांनी नळ सोडून पाहिला, खिडकी उघडून पाहिली आणि आता आणखी काय पाहावं अशा विचारात उभे राहिले. तेवढ्यात काका माझ्याजवळ आले. डोळ्यांवरचा काळा गॉगल त्यांनी कपाळावर चढवला, माझ्या पांढऱ्या कुर्त्याकडे रोखून पाहिलं आणि दोन बोटांची चिमूट माझ्या खांद्यापाशी आणली. चिमूट रिकामीच मिटली. पुन्हा आणली, पुन्हा रिकामी. मग त्यांची मान हळूहळू भिंतीकडे वळली आणि तिथून छताकडे गेली.

"गेला," ते म्हणाले. "वर गेला."

"काय गेलं?" बाबांनी विचारलं.

"धागा." एवढं सांगून त्यांनी गॉगल खाली ओढला. "काय शिकून राह्यली वं?"

"बी.ए."

"मग मी तुले बीएच म्हणतो. नावं माह्या ध्यानात राहत नाहीत."

काकांच्या घरावरची ती खोली ठरली. परतताना बस स्टँडवर बाबा म्हणाले, "माणूस चांगला हाये. थोडा... पण चांगला हाये." त्या 'थोडा'नंतरचा शब्द बाबांना सापडला नाही. मलाही अजून नीट सापडलेला नाही.

बाबा त्यांना आधीपासून ओळखत होते. उमरेडच्या विणकर सोसायटीत काका माल तपासायला होते. आसपासचे विणकर मागावर विणलेल्या साड्या घेऊन येत, काका प्रत्येक साडी उजेडात धरत आणि 'पास' किंवा 'सेकंड' असं ठरवत. सेकंड म्हणजे कुठेतरी धागा सुटलेला, गाठ आलेली, रंग फिका पडलेला माल. नोकरीची सारी वर्षं त्यांनी हेच केलं. माझ्या आईची लग्नातली साडीही त्यांच्याच हाताखालून गेली होती. आई अजून ती काढून दाखवते आणि म्हणते, "पास हाये, पास." आता काका रिटायर होऊन मनीषनगरात राहतात. काकू वारल्या. एकुलती मुलगी मंदाताई नागपुरातच असतात, पण पार दुसऱ्या टोकाला.

सोसायटी सुटली तरी त्यांचे ते दोन शब्द सुटले नाहीत. मी पहिल्यांदा वांग्याची भाजी करून खाली नेऊन दिली, तर त्यांनी वाटी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. एक घास खाल्ला. "पास," म्हणाले, आणि माझा जीव भांड्यात पडला. भाजीवाल्याची कोथिंबीर सेकंड असायची. मेट्रो पास. नवीन आलेले नगरसेवक सेकंड. एकदा मी कॉलेजातल्या एका सरांबद्दल सांगत होते, त्यांचं शिकवणं मला समजत नाही आणि विचारायची भीती वाटते. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर सेकंड हाये का तू?" मी म्हटलं, माहीत नाही. "मग उजेडात धर," ते म्हणाले. "विचारून टाक त्याले. जो सेकंड असंल तो दिसते."

मी विचारलं. सर पास निघाले.

पण त्यांचं घर मात्र कोणी पहिल्यांदा पाहिलं तर घाबरावं असं होतं. समोरच्या खोलीच्या चारही भिंतींवर खिळे ठोकून फुलाफुलांच्या चादरी टांगलेल्या. गुलाब, सूर्यफूल, एका भिंतीवर मोर. मला वाटलं घरात काही कार्य असेल. मी विचारलं तर म्हणाले, "कार्य कायचं वं? पांढरी भिंत दिसली की ते सारे येऊन बसतात. फुलांत घुसले की दिसत नाहीत."

'ते' म्हणजे धागे.

मी राहायला आले त्याच्या थोडं आधी काकांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशननंतर सगळं जग त्यांना धुऊन काढल्यासारखं दिसलं. ते सांगतात, शेजारच्या घराचा रंग निळा आहे हे त्यांना तेव्हाच कळलं, इतके दिवस ते त्याला राखाडी समजत होते. पण थोड्याच दिवसांत त्या धुतलेल्या जगावर धागे तरंगू लागले. एक लांब आणि वाकडा, एक गाठ पडलेला, बाकी बारीक ठिपके. नजर जिकडे जाईल तिकडे ते जायचे, आणि नजर थांबली की जरा पुढे जाऊन थांबायचे.

दुसऱ्या कोणाला तो डास वाटला असता, केस वाटला असता. काकांना तो सुटलेला धागाच वाटला, आणि सुटलेला धागा दिसला की त्यांचा हात आपोआप पुढे जातो. समोर कोण आहे हे हाताला कळायच्या आधी. दूधवाल्याशी त्यांचं भांडण झालं ते यावरूनच.

"भाऊ, दुधात धागा हाये."

"काका, नाही हाये."

"हा काय, फिरून राह्यला!"

दूधवाल्यानं मला वरून बोलावलं. "ताई, तुम्ही शिकलेल्या हा. तुम्ही सांगा, हाये का धागा?" मी पातेल्यात वाकून पाहिलं. दुधात फक्त माझं तोंड दिसत होतं. तेव्हापासून काका डोळे मिटून दूध घेतात.

पांढरा भातही त्यांना त्रास द्यायचा. ताटात भात पडला रे पडला की ते त्यावर वरण ओतून तो पिवळा करून टाकत. "पांढऱ्या भातावर सारे उतरतात, बगळ्यावानी," असं म्हणत. बाहेर जाताना गॉगल आणि वर छत्री. मनीषनगरातल्या लोकांना वाटायचं काकांना ऊन सोसत नाही. खरं म्हणजे त्यांना आभाळ सोसत नव्हतं. उन्हाळ्यातलं नागपूरचं आभाळ असतं कसं, एक डाग नाही. "एवढा मोठा ताणा," मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांचा शब्द वापरून काका म्हणायचे, "अन् पुरा सेकंड."

एकदा मंदाताईंना ऑफिसातून सुटी मिळाली नाही म्हणून डोळे दाखवायला त्यांच्यासोबत मी गेले. डॉक्टर मॅडम तरुण होत्या. काकांनी खुर्चीवर बसल्या बसल्या सुरुवात केली.

"मॅडम, रागावू नोका. माणसाकडून होते. ऑपरेशनच्या वेळी तुमच्या कापसाचा एखादा धागा आत राह्यला."

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी कागदावर डोळ्याचं चित्र काढलं. डोळ्याच्या आत जेलीसारखा पदार्थ असतो, वय झालं की तो पातळ होतो, त्यात बारीक तंतू तयार होतात आणि त्यांची सावली मागच्या पडद्यावर पडते. मोतीबिंदू काढल्यावर आत उजेड जास्त येतो, म्हणून त्या सावल्या आता ठळक दिसतात. पडदा त्यांनी नीट तपासला होता, तो चांगला होता. एकदम खूप धागे वाढले किंवा विजेसारखं चमकायला लागलं तर त्याच दिवशी यायचं.

"आणि नाही चमकलं तर?"

"तर काही करायचं नाही, आजोबा. हळूहळू सवय होते. दुर्लक्ष करा."

काका बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, सोसायटीनं मले जन्मभर दुर्लक्ष नाही करायचा पगार देल्ला. आता फुकटात कसं जमंल?"

मॅडम हसल्या. मीही हसले. काका हसले नाहीत. परत येताना रिक्षात ते एकदाच बोलले, "म्हणजे माल चांगला हाये अन् तपासणारा सेकंड."  मी म्हटलं, "काका, मॅडम म्हणाल्या पडदा चांगला हाये." ते म्हणाले, "हाव," आणि छत्री उघडली. रिक्षात.

हे त्यांना एवढं का लागलं ते मला नंतर कळलं.

काकांच्या नात्यागोत्यात एक रीत आहे. घरात लग्न ठरलं की नवरीची लग्नातली साडी आधी काकांकडे येते. साडी कुठूनही घेतलेली असो, कितीही भारी असो, काकांनी पास केल्याशिवाय नवरी ती नेसत नाही. काका हात धुतात, साडी उजेडात धरतात, या काठापासून त्या काठापर्यंत पाहतात. पास झाली की आत खोचल्या जाणाऱ्या टोकाला हळदीचं बोट लावतात. मग चहा, पोहे, गप्पा. सोसायटी सुटल्यावर ही रीत वाढलीच. लग्नसराईत दारात चपलांचा ढीग पडायचा, असं शेजारच्या काकू सांगतात. आत्यांच्या सुना, भाच्यांच्या मुली, कुठल्या कुठल्या लांबच्या वहिन्या. काकू वारल्यावरही या घरात माणसं येत राहिली ती कपड्याच्या निमित्तानं. एरवी वामनराव धकात्यांकडे कोणी मुद्दाम येईल असं त्यांच्यात काही नाही. ते फार बोलत नाहीत, पत्ते खेळत नाहीत, टीव्ही लावत नाहीत. मी एकदा विचारलं होतं, दिवसभर एकटं करमतं का. ते म्हणाले, "घरात दुसरं कोणी हालत नाही बीए. हेच हालतात." आणि बोटानं हवेत डावीकडून उजवीकडे एक रेघ दाखवली.

आता त्यांच्या नातीचं, मंदाताईंच्या रसिकाचं लग्न ठरलं होतं. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, मंदाताईंनी मलाही बोलावलं. खरं सांगायचं तर काकांवर लक्ष ठेवायला बोलावलं. हॉलच्या दारातच त्यांनी काकांना बजावलं, "बाबा, आज कोणाच्या अंगावरचा धागा काढायचा नाही. हात मांडीवर."

"मांडीखाली ठेवतो," काका म्हणाले, आणि खरोखरच दोन्ही हात मांडीखाली दाबून खुर्चीवर बसले. त्यात माझ्या मते त्यांचा थोडा रागही होता.

सगळं नीट चाललं होतं. काका पाहुण्यांशी बोलले, रसिकाकडे पाहून दोनदा 'पास' म्हणाले. मग मुलाची आई पेढ्याचं ताट घेऊन आली. बाईंनी फिक्या मलई रंगाची रेशमी साडी नेसली होती, अंगभर एकही बुट्टी नाही, आणि वरून हॉलच्या ट्यूबलाइटचा झगझगीत उजेड. मी काकांच्या हातांकडे पाहिलं. काकांना गुलाब, सूर्यफूल, मोर असलं काहीच नव्हतं. समोर एक मोठी कोरी भिंत वाकून म्हणत होती, "घ्या ना, बाबाजी."

पेढा घ्यायचा तर हात बाहेर काढावा लागणार. हात बाहेर आला. पेढ्यापर्यंत गेला, तिथे थांबला, आणि मग सरळ वर बाईंच्या खांद्यापाशी जाऊन त्याची चिमूट मिटली.

बाई दचकून मागे सरल्या. ताटातले पेढे घरंगळले. मी म्हणाले, "काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे," पण माझा आवाज नेहमीप्रमाणे माझ्यापुरताच निघाला. काकांना वाटलं आपणच नीट सांगावं. ते उठून उभे राहिले आणि चांगल्या मनानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ताई, तुमची काही चूक नाही. दुकानदारानं फसवलं. साडी सेकंड लागली तुम्हाले."

 बाईंनी साडी तिथल्या तिथे पदरापासून निऱ्यांपर्यंत पाहिली. कुठे काही नव्हतं. मुलाचे मामा हसले, म्हणून बाकीचे पण हसले, पण बाई हसल्या नाहीत. मंदाताई आल्या, काकांचा दंड धरून म्हणाल्या, "बाबा, चला, गाडीत बसा."

आम्ही दोघं जेवणं होईपर्यंत गाडीत बसलो. मी ताट वाढून आणलं. काकांनी भातावर वरण घातलं नाही. तसाच पांढरा खाल्ला.

त्यानंतर मंदाताईंचे फोन कमी झाले. काकांनी केला तर त्या उचलायच्या, औषध घेतलं का विचारायच्या आणि ठेवून द्यायच्या. पण काकांचं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे लागलं होतं. रसिकाची लग्नातली साडी त्यांच्याकडे येणार की नाही? आली तर ते अजून या घराचे तपासणारे. नाही आली तर मग त्यांच्याकडे यायचं कोणाला काहीच कारण उरत नव्हतं. असं ते बोलले नाहीत. ते फक्त रोज सकाळी दाराची कडी काढून ठेवायचे, आणि लग्नसराईत गेल्या वर्षीपर्यंत येणाऱ्यांची नावं घ्यायचे. "भिवापूरची सुलोचना नाही आली. तिच्या पोरीचं होतं ना?" नंतर कळलं की लग्न झालंसुद्धा. साक्षगंधातली गोष्ट सगळ्या नात्यात फिरली होती. काकांचे डोळे गेले, त्यांना आता काहीही दिसतं, अशी.

काका हात बांधून बसले नाहीत. त्यांनी सराव सुरू केला.

एक दिवस मी कॉलेजातून आले तर ते फाटकाशी उभे. "बीए, तुही पांढरी ओढणी आण." मी आणली. त्यांनी ती खिडकीच्या गजांना अडकवली, गॉगल काढला आणि ओढणीसमोर उभं राहून डोळे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असे फिरवू लागले. मान जराही न हलवता. मला हसू आलं, ते मी दाबलं.

"पाह्य," ते म्हणाले. "हा जो लांबडा हाये, मी डोळा फिरवला की फिरते. म्हणजे तो माहा. अन् हा इथं जो बारका दिसते, तो हालत नाही. म्हणजे तो तुह्या ओढणीचा." त्यांनी बोट ठेवलं. तिथे खरंच एक धागा ओढला गेला होता, सायकलीच्या ब्रेकमध्ये अडकून. "चालते तो माहा. थांबते तो कापडाचा. एवढं सोपं होतं अन् मी येड्यावानी लोकांचे खांदे धरून राह्यलो."

ते इतके खूश होते की मला ओढणी सेकंड निघाल्याचं वाईटही वाटलं नाही. पुढचे कितीतरी दिवस ते मिळेल ते कापड तपासत होते. माझे कुर्ते झाले, टॉवेल झाले. शेजारच्या काकूंनी गच्चीवर वाळत घातलेली चादर तपासायला ते त्यांच्या गच्चीवर गेले, तेव्हा काकूंनी कपड्यांआडून विचारलं, "काहून हो भाऊ, आमची चादर विकत घ्यायची हाये का?"

"नाही वहिनी. पास हाये. ठेवा तुम्ही."

हात आता उगीच पुढे जात नव्हता. जायला लागला की ते थांबायचे, डोळे फिरवायचे आणि "माहाच हाये" म्हणून हात मागे घ्यायचे. मग त्यांनी मंदाताईंना फोन लावला. स्पीकरवर.

"मंदे, आता मले समजते. मी शिकलो. माहा धागा वेगळा, कापडाचा वेगळा. रसिकाची साडी आणून पाह्य, तुले दाखवतो."

 मंदाताई थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "बाबा, राहू द्या ना आता. लग्न सुखानं होऊ द्या."

काका "हाव, हाव" म्हणाले. फोन ठेवल्यावरही आणखी एकदा म्हणाले.

लग्नाला आठवडाही उरला नव्हता तेव्हा एका दुपारी फाटकाशी स्कूटी थांबली. मी व्हरांड्यात अभ्यास करत होते. रसिका होती, पुढ्यात साडीचा खोका. चप्पल काढता काढता तिनं सांगून टाकलं, "आई नाही आली. म्हणाली, तुले जायचं तर जा, मले तिथं जाऊन वाद नाही घालायचा. पण आजोबा, तुम्ही पास केल्याशिवाय मी नाही नेसत. आमच्यात कोणी नेसलीच नाही तशी."

 काका आत जाऊन हात धुऊन आले, पुन्हा गेले आणि पुन्हा धुऊन आले. व्हरांड्याच्या ग्रीलपासून पेरूच्या झाडापर्यंत त्यांनी एक नवी दोरी बांधली आणि मला म्हणाले, "बीए, ते टोक पकड."

साडी मोतिया रंगाची होती, काठ लाल. दुपारच्या उजेडात ती दोरीवर उलगडली आणि मला मनातून वाटलं, हिनं रंगीत का नाही घेतली. एवढ्या कोऱ्या कापडावर काकांचे सगळे धागे उतरणार. काकांनी गॉगल काढला. एका बाजूला ते, पलीकडच्या बाजूला मी टोक धरून. आमच्या मध्ये ती साडी आणि तिच्यातून येणारा उजेड.

"हा माहा," काका हळू आवाजात म्हणत होते. "हाही माहा. हा गाठवाला, माहाच." एक पाऊल पुढे, डोळे वर, खाली. रसिका नखं खात होती. "आजोबा, मी स्वतः पसंत केली. कितीतरी दुकानं फिरली. होणाऱ्या सासूबाईंनी पण हात फिरवून पाहिला, म्हणाल्या सुंदर हाये. ब्लाउज पण शिवून झाला."

काका पदरापाशी आले आणि थांबले.

मी पलीकडून पाहिलं. पदराच्या नक्षीच्या जरा वर आडवा धागा सुटला होता. बोटभर लांब, उजेडात अगदी स्पष्ट. काकांनी डोळे डावीकडे नेले, उजवीकडे नेले, वर नेले. मग बोट ठेवलं. बोटाखालून तो कुठेच गेला नाही.

मला एकदम आनंद झाला. तो आनंद चुकीचा होता हे आता कळतं, पण झाला. आता काकांनी फक्त 'सेकंड' म्हणायचं होतं आणि रसिकाला बोटानं दाखवायचं होतं. तिला दिसला असता, मंदाताईंना दिसला असता, त्या मलई साडीवाल्या बाईंनासुद्धा दिसला असता. काकांचे डोळे गेले असं मग कोणी म्हटलं नसतं. साडीच्या कडेनं मला त्यांचा चेहरा दिसत होता. पहिल्यांदा तोही माझ्यासारखाच उजळला.

मग त्यांनी रसिकाकडे पाहिलं. ती नखं खायची थांबली होती.

"काय आजोबा? काही हाये का?"

काकांनी बोट उचललं.

"काही नाही वं," ते म्हणाले. "माहाच हाये. चालून राह्यला पाह्य, गेला तिकडं." आणि बोटानं पेरूच्या झाडाकडे दाखवलं. "पास. पुरी पास."

रसिका उडीच मारणार होती. काकांनी हळदीची डबी मागितली, आतल्या टोकाला बोट लावलं, आणि साडीची घडी घालता घालता म्हणाले, "फक्त एक कर. पदर मोकळा नोको सोडू. बारीक प्लेटा करून घे, अन् खांद्यावर पिन लाव."

"आजोबा, मोकळा सोडला तर फोटोत नक्षी छान दिसते."

"नाही. प्लेटाच कर. तुही आजी अशाच प्लेटा करत होती."

आत भिंतीवर, सूर्यफुलांच्या चादरीवर, काकूंचा हार घातलेला फोटो आहे. त्यात त्यांनी पदर डोक्यावरून घेतलेला आहे, प्लेटा नाहीत. रसिकाला ते आठवलं नाही. ती म्हणाली, "बरं, आजीसारख्या प्लेटा."

"अन् मंदेले सांग," काका म्हणाले, "आता पुढं कोणाची साडी माह्याकडं पाठवू नोको म्हणा. डोळे नाही राहिले तेवढे. तुही शेवटची."

"काहीही काय, आजोबा," ती म्हणाली, त्यांच्या पाया पडली आणि गेली. फाटकाशी स्कूटीवर बसूनच तिनं फोन लावला. "आई, पास झाली! अगं नाही, काहीच नाही काढलं. शांत होते. उगाच घाबरत होतीस तू." आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू आला आणि मग स्कूटी वळली.

मी साडीचं टोक धरलं होतं तिथेच उभी होते.  शेवटी म्हटलं, "काका, तो धागा..."

"कोणता?"

"पदरातला. मला पण दिसला."

काकांनी गॉगल डोळ्यांवर चढवला. "मग तुह्याही डोळ्यात आला असंल बीए. दाखवून ये मॅडमले."

ते झाडापाशी गेले आणि दोरीची गाठ सोडू लागले. ताजी गाठ होती, लवकर सुटेना. मी मदतीला गेले नाही, त्यांना ते आवडलं नसतं असं वाटलं. गाठ सुटल्यावर त्यांनी दोरी कोपराभोवती नीट गुंडाळली आणि माझ्यापुढे धरली.

"वर घेऊन जा. कपडे वाळत घालायले होईल. मले कायले पाहिजे आता?"

मी दोरी घेतली. काहीतरी म्हणायला हवं होतं, पण कॉलेजात जाऊनही मला वेळेवर शब्द सापडत नाहीत. म्हणून विचारलं, "काका, चहा ठेवू?"

"ठेव," ते म्हणाले आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसले, फाटकाकडे पाठ करून. "तुहाही आण. इथंच बसून पिऊ."